शेवाळाच्या तेलातले लोखंड

पालकाच्या भाजीत चिंचेचा कोळ घातला की तिचा हिरवा रंग उतरतो आणि भाजी मळकट दिसू लागते. पानातल्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. आंबटपणा ते काढून घेतो, म्हणून रंग बदलतो. शेवाळापासून इंधन बनवणाऱ्या शास्त्रज्ञांपुढचा एक अवघड प्रश्न समजायला हीच भाजी आपल्या कामी येते.

शेवाळाला सुपीक जमीन लागत नाही. त्याचे काही प्रकार खाऱ्या पाण्यातही वाढतात. त्यामुळे इंधनासाठी धान्याची शेते अडवावी लागणार नाहीत, ही मोठी आशा आहे. अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१३ साली ओल्या शेवाळापासून तासाभराच्या आत कच्चे तेल बनवून दाखवले. सुमारे ३५० अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या २०० पट दाब. आपल्या प्रेशर कुकरचाच हा थोरला भाऊ म्हणा ना!

पण शेवाळातले धातूही या प्रक्रियेत सुटे होतात. सोडियम-पोटॅशियम बरेचसे पाण्यात जातात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साका गाळून काढता येतो. अडते ते लोखंडापाशी. आपल्या रक्तातले लोखंड जशा कड्यात बसलेले असते, तशाच कड्यात ते इथेही बसते. ते तेलात विरघळते, गाळणीतून निसटते आणि आंबटाला सहजासहजी दाद देत नाही.

कच्च्या तेलाचे डिझेल करताना त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. त्यासाठी मॉलिब्डेनम, कोबाल्ट, निकेल यांचे महागडे उत्प्रेरक लागतात. लोखंड त्यांच्यावर साचते, बारीक छिद्रे बुजवते. उत्प्रेरक लवकर निकामी झाला की इंधनाचा भाव वाढतो. मग सामान्य माणसाला त्याचा काय उपयोग?

यावर तीन उपाय आहेत. खाऱ्या पाण्यातले शेवाळ आधी गोड्या पाण्याने धुणे, तेल सौम्य आम्लाने धुणे, आणि मुख्य उत्प्रेरकाच्या आधी एक स्वस्त थर ठेवणे. आपण नळाला फडके बांधतो ना, तसाच हा थर. लोखंड तिथेच अडते आणि थर बदलता येतो. खनिज तेलातले व्हॅनेडियम व निकेल अडवण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखाने हेच करतात.

लोखंडच दिले नाही तर? मग शेवाळ वाढणारच नाही. जे त्याला जगवते तेच पुढे अडचण होते. म्हणून धातू टाळण्यापेक्षा वेळीच वेगळे काढावेत, आणि गाळलेल्या साक्यातले फॉस्फरससारखे पोषक घटक पुन्हा तळ्यात खत म्हणून घालावेत. काही वाया न घालवणारा हा मार्ग आम्हाला शहाणपणाचा वाटतो.