नुसतं उपटून गाजर गवत का जात नाही? उत्तर शेजारच्या टाकळ्यात

पहिला पाऊस झाला की पंधरा दिवसांत बेळगाव परिसरातल्या रस्त्याच्या कडा, मोकळे प्लॉट आणि पड शेतं हिरवीगार होतात. त्यातला बराचसा हिरवा रंग गाजर गवताचा, म्हणजेच आपल्याकडच्या बोलीतल्या काँग्रेस गवताचा असतो. नावात गवत असलं तरी ही सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती, मूळची अमेरिका खंडातली. 1955 च्या सुमारास ती पुण्यात आढळली. आयात गव्हाबरोबर तिचं बी आल्याचं मानलं जातं.

ती इतकी माजली कशी? एक झाड हजारो बिया टाकतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. मुळं-पानांतून जमिनीत उतरणारी रसायनं शेजारच्या रोपांची वाढ रोखतात. जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि मूळ देशातले तिचे किडे-रोग इथं तिच्याबरोबर आलेच नाहीत. म्हणजे स्पर्धा जोरात, पण खाणारं कुणी नाही. त्रास मात्र माणसांना: अंगाला खाज, पुरळ, शिंका, दमा.

हा खाणारा नंतर मुद्दाम आणला गेला. 1983 मध्ये मेक्सिकोतून भुंगेरे बेंगळुरूत आणून, चाचण्या करून पुढच्या वर्षी सोडण्यात आले. त्यांच्या अळ्या गाजर गवताची पानं आणि शेंडे फस्त करतात. पण कोरड्या दिवसांत भुंगेरे जमिनीत निपचित पडून राहतात. तेवढ्यात पाणी मिळेल तिथं गवत पुन्हा डोकं वर काढतं.

इथंच टाकळा कामाला येतो. गोव्या-कोकणात ज्याची पावसाळी भाजी होते, तोच हा टाकळा. पहिल्या पावसाला तो दाट उगवतो आणि खालच्या रोपांचं ऊन अडवतो. त्याचाच परदेशी भाऊबंद गाजर गवताला मागे हटवतो, हे कर्नाटकातल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. पण त्यात मेख आहे. हा पाहुणा स्वतःच माजतो आणि गुरांच्या चाऱ्याची जागा खातो. त्यामुळे आपला देशी टाकळा बरा.

यातून एक गोष्ट कळते. निसर्गात जागा रिकामी राहत नाही. गवत उपटून जमीन उघडी सोडली, तर मातीतलं उरलेलं बी तीच जागा पुन्हा धरतं.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकळ्याच्या वाळल्या शेंगा गोळा करून ठेवायच्या आणि एप्रिल-मे महिन्यात, वळवाच्या आधी, पडीक जागेत बी फेकायचं. पिकाच्या शेतात मात्र नको, तिथं टाकळाही तणच. गाजर गवत फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. फूल न आलेल्या रोपांचं खत करता येतं. ज्यांना दमा किंवा त्वचेचा त्रास आहे, त्यांनी या कामापासून लांबच राहावं.