वायूंतील अभिसरण अभ्यासण्याची उपकरणे

वायूचा आडवा थर खालून तापवून व वरून थंड ठेवून त्यात उमटणाऱ्या प्रवाहरचना पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांना वायू-अभिसरणाची उपकरणे म्हणता येईल. वरच्या व खालच्या पट्टीच्या तापमानांतील फरक एका मर्यादेपर्यंत वाढला, तरी वायू स्थिर राहतो व उष्णता केवळ वहनाने वर जाते. मर्यादा ओलांडताच समांतर वळकट्या किंवा षटकोनी कोष दिसू लागतात. दोन घन पट्ट्यांमधील थरात रॅली अंक सुमारे १७०८ झाला की हे घडते. या अंकात जाडीचा घन येतो. त्यामुळे १ सेंमी जाडीच्या हवेच्या थराला साधारण १८° से. फरक लागतो, तर २ सेंमी थराला सव्वादोन अंशही पुरतात.

खरी अडचण हवा दिसत नाही ही. जुन्या प्रयोगांत तीत धूर सोडत. भारतातील वेधशाळांचे माजी महासंचालक गिल्बर्ट वॉकर यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ढगांच्या आकारांचा उलगडा करण्यासाठी असे प्रयोग करविले. मात्र धुराचे कण हवेहून जड असतात व तापलेल्या पृष्ठभागापासून दूर सरकतात. जे दिसते ते सर्वस्वी हवेचे, असे धरून चालत नाही. १९३८ मध्ये के. चंद्रा यांना धूरमिश्रित हवेच्या पातळ थरांत अपेक्षेहून बऱ्याच कमी तापमानफरकाला स्तंभाकार हालचाल आढळली.

पुण्यातील काम

एल. ए. रामदास व एम. के. परांजपे यांनी पुण्यात तापलेल्या पृष्ठभागालगतच्या हवेचा अभ्यास केला. हा बंद थर नव्हे, मोकळी हवा होती. उन्हात तापलेल्या जमिनीशी तिचे साम्य उघड आहे. परांजपे यांनी १९३५ मध्ये उष्ण तारेने मोजमाप केले. परंतु तारही हवेत अडथळा आणते. १९३६ मध्ये व्यतिकरणमापक वापरला गेला. तापलेली हवा विरळ होऊन तिचा अपवर्तनांक घटतो व प्रकाशाचे पट्टे सरकतात. त्या सरकण्यावरून तापमान काढता येते. येथे हवेत काहीच घालावे लागत नाही.

दाबाखालील वायू

दाब तीस पट केल्यास आदर्श वायूची गतिक श्यानता व उष्णता-विसरणशीलता प्रत्येकी तीस पट घटते, म्हणून त्याच तापमानफरकाला सुमारे एक-दशांश जाडी पुरते. थर पातळ झाल्याने लहान उपकरणातही शेकडो वळकट्या मावतात व त्या काही सेकंदांत बदलतात. अशा उपकरणांत कार्बन डायॉक्साइड पोलादी पात्रात भरतात. वरची पट्टी सफायरची असते, कारण ती पारदर्शक असून उष्णताही चांगली वाहून नेते. खालची आरशासारखी घासलेली असते. परतणाऱ्या प्रकाशात खाली उतरणारा थंड वायू उजळ व वर चढणारा उष्ण वायू काळसर दिसतो. एस. मॉरिस, ई. बोडेनशात्झ, डी. कॅनेल व जी. आलर्स यांनी १९९३ मध्ये अशाच उपकरणात सतत जन्मणारी व विरणारी सर्पिले नोंदविली.