झडतीचा अधिकार आणि पंचनाम्याचे मोल

२ मे १९०८ रोजी पहाटे कोलकात्याच्या ग्रे स्ट्रीटवरील ४८ क्रमांकाच्या घराची पोलिसांनी झडती घेतली आणि अरविंद घोष यांना अटक केली. या झडतीत सापडल्याचे सांगितलेले एक पत्र अलीपूर बॉम्ब खटल्यात पुढे आले. २७ डिसेंबर १९०७ ही तारीख असलेल्या, धाकटे बंधू बारींद्र यांच्या नावच्या त्या इंग्रजी पत्रात देशभर ‘मिठाई’ सिद्ध ठेवण्याची भाषा होती. मिठाई म्हणजे बॉम्ब, असा सरकार पक्षाचा अर्थ. काँग्रेस अधिवेशनासाठी दोघे भाऊ सुरतेतच असताना पत्राचे प्रयोजन काय आणि बंगाली धाकटा भाऊ वडील भावाला असे परके संबोधन कसे लिहील, असे चित्तरंजन दास यांनी विचारले. न्यायाधीश बीचक्रॉफ्ट यांनी पत्र संशयास्पद ठरविले. ६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले.

वस्तू घरात ‘सापडली’ की ‘आणली गेली’, हा प्रश्न आजही झडतीच्या कायद्याच्या मुळाशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ नुसार झडती परिसरातील किमान दोन निःपक्षपाती, प्रतिष्ठित पंचांसमक्ष घ्यावी लागते. घरमालकाला हजर राहता येते. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याला मिळते. वॉरंटाविना झडती घेताना तपास अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवून त्यांची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावयाची असते (कलम १८५). कलम १०५ ने संपूर्ण कारवाईचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले. ही भर मोलाची आहे, कारण ठराविक पंच हे तपासाचे जुनेच दुखणे!

नियम मोडला म्हणून पुरावा मात्र आपोआप बाद होत नाही. बेकायदा झडतीतील पुरावाही संबद्ध असल्यास ग्राह्य ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पूरणमल प्रकरणात म्हटले. त्याचे वजन किती, हे न्यायालय तपासते. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र कसोटी कठोर आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर अंगझडती मागण्याचा हक्क कलम ५० देते. तो हक्क संशयिताला सांगितला नाही, तर अशा अंगझडतीतील मालाच्या आधारे शिक्षा टिकत नाही, असा निर्णय १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात झाला.