पैसा एकाचा, नांव दुसऱ्याचें

बिबवेवाडींतील आमच्या सोसायटीच्या आवारांत एक पांढरी मोटार दोन वर्षें एकाच झाडाखालीं उभी असे. गेल्या दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. झालें होतें तें असें. शेजारच्या नानांच्या अमेरिकेंतील थोरल्या मुलानें आईवडिलांना दवाखान्यांत जाण्यायेण्याची सोय व्हावी म्हणून पैसे पाठविले. नानांना मोटार चालवितां येत नाहीं, म्हणून ती धाकट्याच्या नांवावर नोंदविण्यांत आली. पुढें धाकटा वेगळा राहावयास गेला, आणि मोटारहि घेऊन गेला. "मास्तर, पैसे थोरल्याचे, मग मोटार धाकट्याची कशी?" असें नाना मला विचारूं लागले. हा प्रश्न एकाच घरचा नाहीं, म्हणून त्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं स्वत्वाचा, म्हणजे मालकीचा, बारकाईनें विचार केला आहे. गौतमानें वारसा, खरेदी, वाटणी इत्यादि मालकीचीं साधनें सांगितलीं. मिताक्षराकार विज्ञानेश्वरानें स्वत्व हें लोकव्यवहारांतूनच सिद्ध होतें असें प्रतिपादन केलें. दान म्हणजे नुसते पैसे मोजणें नव्हे. आपलें स्वत्व सोडून दुसऱ्याचें निर्माण करणें होय. अर्थात् देणाऱ्याचा हेतु काय होता, हें आधीं पाहिलें पाहिजे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें ज्याच्या नांवावर वाहनाची नोंद, तो मालक. पैसे कोणाचे, ही चौकशी संगम पुलाजवळील परिवहन कचेरी करीत नाहीं. यांत जखमी माणसाची सोय आहे. त्यानें खरा मालक कोठें शोधावा? २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढलेल्या एका खटल्यांतील मोटार २००७ सालींच विकली गेली होती, आणि पुढें आणखी कांहीं हातांतून गेली होती. २००९ सालीं अपघात झाला तेव्हां नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नांवावर होती. भरपाईची जबाबदारी न्यायालयानें त्याच्यावरच ठेवली.

तथापि घरांतील वादांत नोंदणीपत्र हा सबळ पुरावा असला तरी शेवटचा शब्द नव्हे. पैसे बक्षीस म्हणून दिले असतील तर ते घेणाऱ्याचे झाले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें पुरें झालेलें बक्षीस मनास येईल तेव्हां परत घेतां येत नाहीं. उसने दिले असतील तर रक्कम मागतां येते, मोटार नव्हे. पैसा आपला, फायदा आपला आणि नांव तेवढें भावाचें, असा व्यवहार मात्र बेनामी ठरूं शकतो. २०१६ सालीं कडक केलेल्या बेनामी कायद्यानें पत्नी व मुलें यांच्या नांवें ज्ञात उत्पन्नांतून केलेल्या खरेदीस सूट दिली आहे. भावाच्या बाबतींत मात्र कागदावर दोघांचींहि नांवें सहमालक म्हणून असावीं लागतात. लग्नांत माहेरानें मुलीस प्रेमानें दिलेली मोटार तिचें स्त्रीधन होय. स्त्रीधनावर पतीची मालकी येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालींच स्पष्ट केलें आहे. अशी मोटार जावयाच्या नांवावर नोंदविणें म्हणजे मुलीच्या पुढील वाटेंत कांटे पेरणें.

आणखी एक गोष्ट नानांना ठाऊक नव्हती. मोटारीचा मालक होण्यास ती चालविण्याचा परवाना लागत नाहीं. नोंद नानांच्याच नांवावर होऊन धाकटा ती चालवूं शकला असता. शिवाय २०२१ पासून नोंदणीपत्रावर वारसदाराचें नांव नेमण्याची सोय आहे. पैसे पाठविणाऱ्यानें ते बँकेमार्फत पाठवावेत, आणि बक्षीस कीं उसने, तसेंच कोणास व कशासाठीं, हें चार ओळींच्या पत्रांत लिहून ठेवावें. असें पत्र म्हणजे अविश्वास नव्हे. पुढें विस्मरण झालें तर तेंच उपयोगीं पडतें.

मीं सुचविल्यावरून नानांनीं थोरल्यास फोन करून विचारलें, "पैसे तूं कोणाला दिले होतेस?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाना, मीं ते घराला दिले होते." परंतु धाकट्याच्या नोंदणीपत्रावर 'घर' हा शब्द कोठेंच नव्हता.

धाकट्यास हें बोलणें कळलें, तेव्हांपासून दवाखान्याच्या दिवशीं तो मोटार घेऊन येतो. नांव बदलण्याची गोष्ट मात्र अद्याप कोणी काढलेली नाहीं.