साखळी बांधणारे

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाजवळ एका संध्याकाळी कबड्डीचा सराव बघत उभा राहिलो. फक्कीच्या रेषा नुकत्याच मारलेल्या होत्या. बघ्यांचे डोळे चढाईला निघालेल्या पोरावर खिळलेले, पण पोरांना शिकवणारे सर मात्र मागच्या रेषेपाशी उकिडवे बसून डाव्या कोपऱ्यावरच्या पोराच्या टाचा बघत होते. "टाच उचल रं! टाच टेकली की हुकलीच समज पकड." पोरानं शेजाऱ्याचा हात धरून पाऊल टाकलं, शेजारी अर्धं पाऊल मागं राहिला, साखळी सुटली आणि चढाईवाला निसटला. सरांनी तीच पकड पुन्हा करायला लावली. मग परत एकदा. मी होतो तोवर चढाईबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये एकजुटीनं अडवायला शिकवण्याच्या या कामाला स्वतंत्र हुद्दा आहे, ऑफेन्सिव्ह लाईन कोच. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांतले पाच जण भिंत होऊन पुढे उभे राहतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. समोरून चालून येणाऱ्या धटिंगणांना अडवून क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, नाहीतर चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची. गुणफलकावर यांचं नाव क्वचितच येतं. पहिलं पाऊल कुठे, हात कुठे, शेजाऱ्याला आधार कधी द्यायचा, हे वर्षानुवर्षं घोटून घेणारा तो हा कोच.

या वाटेवर घाई चालत नाही. जेफ स्टाउटलंड या लाईन कोचचंच बघा. ते स्वतः खेळले लाईनबॅकर म्हणून, म्हणजे भिंत फोडणाऱ्यांच्या बाजूनं. मग पडेल ते काम करणारा ग्रॅज्युएट असिस्टंट आणि पुढे सिराक्यूज, कॉर्नेल, मिशिगन स्टेट, मायामी, अलाबामा अशी विद्यापीठामागून विद्यापीठं. २०१३ मध्ये ते फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघात पोचले, तोवर कॉलेजांच्या मैदानांवर पंचवीसहून जास्त वर्षं गेली होती. २०१८ मध्ये ईगल्सनं जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी खेळाडू निवडला. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला! स्टाउटलंड यांनी त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं आणि दोन वर्षांनी तो डाव्या टॅकलच्या जागी खेळू लागला.

आपल्याकडे इतकी वाटणी नाही. चढाई, पकड, पोरांचं जेवण, प्रवासाची तिकिटं, सगळं एकाच प्रशिक्षकाच्या गळ्यात. तरीही दीर्घ तपश्चर्येचं उदाहरण घरचंच आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी महाराष्ट्राच्या क्रीडा खात्यात मुलींना कबड्डी शिकवण्यात आयुष्य घातलं. भारतीय संघ आपल्या हाती यावा ही त्यांची इच्छा होती. तो आला नाही, बोलावणं आलं ते इराणहून. त्या तिथे गेल्या, कामापुरती फारसी शिकल्या, मुलींना योगासनं आणि प्राणायाम करायला लावला. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवलं. हरलेला संघ आपला आणि जिंकवणारी बाईही आपली. तो निकाल आठवला की आजही मला वाईट वाटतं आणि अभिमानही.

हिंगोलीच्या पोराला या वाटेनं जायचं तर आधी शाळा-जिल्ह्याकडून खेळावं. मग बी.पी.एड. करावं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवणाऱ्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं महाविद्यालय त्यासाठी आहे. प्रशिक्षक म्हणून शिक्का हवा असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. तिथल्या पदविकेला मैदानावरची माणसं नुसतं 'एनआयएस' म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की जिल्ह्याच्या शिबिरांत कोपरारक्षक आणि मध्यरक्षकांसाठी वेगळा माणूस नेमावा. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद मैदानाच्या अर्ध्या भागात सात जणांनी एकमेकांच्या श्वासाबरोबर हलायचं, हे चढाईच्या सरावातून उरलेल्या वेळात शिकवता येत नाही.

अंधार पडत आला तेव्हा सरांनी चढाईवाल्याला बसवलं आणि स्वतः मध्यरेषा ओलांडून आत आले. दम घेतला, "कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. डाव्या कोपऱ्यावरच्या पोराची टाच या वेळी वर होती.