बारमाही टायरची निवड

सांबऱ्याहून चोर्ला घाटाने गोव्यास जाणाऱ्या लहान मोटारीस तापलेली सडक व धुवांधार पाऊस, दोन्ही सोसावे लागतात. हिमप्रदेशांतील मऊ रबराचे टायर अशा उन्हात लवकर झिजतात. आपले नेहमीचे टायरच बाराही महिने पुरतात. मात्र ते घेताना कुटुंबप्रमुखांनी केवळ किंमत पाहू नये, अशी आमची विनंती आहे. टायरच्या बाजूवर त्याची जन्मतारीख चार अंकांत कोरलेली असते: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. जुना माल नाकारावा. नक्षीच्या खाचा पाण्यास वाट देतात. त्या झिजल्या की चाक पाण्यावर तरंगते व ब्रेक निष्फळ ठरतो. खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाल्यास कायद्यानेही टायर बाद होतो. आपण पावसाळ्यापूर्वीच बदलावा. वाचविलेल्या चार पैशांहून मागे बसलेली लेकरे मोलाची आहेत.