कूलर की एसी? ओल्या फडक्याला विचारा

गेल्या मे महिन्यात नागपूरहून बाबांचा फोन आला. घरचा लोखंडी कूलर शेवटी तळातून गळायला लागला होता. दुकानदाराचा सल्ला होता की आता कूलर सोडा, तिन्ही खोल्यांत एसी लावून टाका. बाबा मला म्हणाले, "तू तर पाणी कसं सुकते त्याच्यावरच पीएचडी करून राहिली ना? मग सांग, काय घेऊ?"

चार वर्षांत पहिल्यांदाच घरी कुणाला माझ्या संशोधनाचा उपयोग सुचला होता! पण प्रश्न गमतीचा नव्हता. आदल्या जुलैत कूलर रात्रभर सुरू असूनही आजीला झोप लागत नव्हती, जीव घाबरा व्हायचा. मे महिन्याच्या 43 अंशांत जो कूलर खोली गार करतो, तोच जुलैच्या 32 अंशांत हात का टेकतो?

कूलर थंडी तयार करत नाही, तो फक्त पाण्याची वाफ करतो. 1 लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळपास पाऊण युनिट. ही उष्णता ताटीतून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते, म्हणून हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. पण हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर वाफ होणार किती?

ही मर्यादा घरीच मोजता येते. मी आईला भिंतीवर लावायचे दोन थर्मामीटर आणायला सांगितले (तापाचा चालत नाही). एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळायचं, दोन्ही सावलीत टांगायचे, पंखा लावायचा आणि दहा मिनिटांनी आकडे वाचायचे. ओल्या थर्मामीटरच्या आकड्याच्या खाली साधा कूलर हवा नेऊच शकत नाही. चांगल्या ताट्या असतील, तर दोन आकड्यांतल्या फरकाच्या 80 टक्क्यांपर्यंत तो पोचतो.

मे महिन्यातल्या दुपारी आईने कळवलं: कोरडा 43, ओला 25. फरक 18, म्हणजे कूलर हवा 14 अंशांनी उतरवणार. जुलैतल्या संध्याकाळी: कोरडा 32, ओला 27. फरक फक्त 5, म्हणजे हवा जेमतेम 4 अंश गार होणार आणि वर दमटपणा वाढणार. आपलं शरीरही घाम सुकवूनच गार होतं. कोंदट खोलीत घाम सुकत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना मुळातच घाम कमी येतो. आजीची तक्रार अगदी खरी होती.

एसीचं काम वेगळं. तो खोलीतली उष्णता बाहेर फेकतो आणि हवेतलं पाणीही काढून घेतो. नळीतून टपकणारं पाणी तेच. 1 टन हे मशीनचं वजन नाही, तर 1 टन बर्फ 24 तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषेल तो वेग, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. त्यासाठी पूर्ण क्षमतेने चालताना तासाला साधारण 1 युनिट वीज लागते. घरगुती कूलर 200 वॅटच्या आसपास भागवतो, म्हणजे तेवढ्याच विजेत पाच तास. मात्र त्याला पाणी भरपूर लागतं, हा खर्च विसरू नका.

मग आम्ही काय केलं? हॉलसाठी नवा कूलर, कारण मार्चअखेरपासून पाऊस येईपर्यंत नागपुरात त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. आजीच्या छोट्या खोलीत 1 टनाचा पाच स्टारवाला इन्व्हर्टर एसी, पावसाळ्यातल्या दमट रात्रींसाठी. दुकानदार 'हॉट अँड कोल्ड' घ्या म्हणत होता. पण थंडीचे मोजके दिवस आमचं रजईवर भागतं, तेव्हा त्याचे जास्तीचे पैसे वाचवले.

एक चूक आमच्याकडे वर्षानुवर्षं होत होती, तुमच्याकडेही होत असेल. कूलर सुरू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर बाष्प आतच साचतं. एसीला उलट: सगळं बंद.

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल, तर दुकानात जाण्याआधी हा प्रयोग नक्की करा. फरक 10 च्या वर असेल, तर कूलर बिनधास्त घ्या. 5-6 वर असेल, तर कूलरवर पैसे घालवू नका. मधल्या आकड्यांत मात्र घरात कोण राहतं ते आधी बघा. आमच्याकडे निर्णय आजीमुळे झाला. परवा ती फोनवर म्हणाली, "त्या यंत्रानं झोप लागते बाई, पण माठाचं पाणी बंद नको करू म्हणा." आजी, ते कोण बंद करेल!